बंद घरातली गळती आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह: कोल्हापूरच्या घरांसाठी

दिवाळीला सगळं घर गावाकडं गेलंय, दाराला कुलूप आहे आणि रात्री बेसिनखालची कनेक्शन पाइप फुटली. वरच्या टाकीत हजार लिटर पाणी आहे, फार तर तेवढंच वाहील, असं आपण धरून चालतो. टाकीला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर असेल तर मात्र तसं होत नाही. टाकी रिकामी होऊ लागली की कंट्रोलर मोटर सुरू करतो, खालच्या टाकीतलं पाणी वर चढतं आणि त्याच फुटक्या पाइपमधून पुन्हा घरात उतरतं. नळाला पाणी आलं की खालची टाकीही नव्यानं भरते. कुणीतरी येऊन कुलूप काढेपर्यंत हे असंच चालतं. तोवर प्लायवूडची कपाटं फुगलेली असतात, स्विचबोर्डात ओल गेलेली असते आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताचे पापुद्रे निघू लागलेले असतात.

यावरचा उपाय म्हणजे पाणी लागताच ओळखणारा सेन्सर, पाणी तोडणारा मोटरवरचा व्हॉल्व्ह आणि दोघांना जोडणारा हब. ही उपकरणं आता ऑनलाइन सहज मिळतात. पण त्यांच्यासोबत येणारी माहितीपत्रकं आणि व्हिडिओ बहुतेक चोवीस तास दाबानं पाणी असणाऱ्या देशांतल्या घरांचे असतात. तिथे रस्त्यावरून एकच पाइप घरात येते, तिच्यावर व्हॉल्व्ह लावला की काम संपतं. आपल्याकडं २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलं, तरी घराघरांतली रचना खालची टाकी, मोटर आणि वरची टाकी हीच राहिली. मीटरजवळ व्हॉल्व्ह बसवला आणि तो वेळेत बंद झाला, तरी वरच्या टाकीतलं सगळं पाणी घरात यायला मोकळंच असतं. म्हणून कोल्हापुरात या व्हॉल्व्हची पहिली जागा वरच्या टाकीच्या आउटलेटवर आहे.

आधी घरातल्या लाइनी शोधा

खरेदीच्या आधी एक सुट्टीची सकाळ यासाठी द्या. कागद-पेन्सिल घेऊन गच्चीवर जा आणि टाकीतून किती पाइपा निघतात ते मोजा. मग एकेक कॉक बंद करून घरातला कुठला नळ थांबतो ते बघा आणि लिहून ठेवा.

स्वतंत्र बंगल्यात बहुतेक वेळा टाकीतून एक मोठी पाइप निघते आणि पुढं तिला फाटे फुटतात. फाट्यांच्या आधी एक व्हॉल्व्ह लावला की सगळं घर त्याखाली येतं. फ्लॅटचं गणित वेगळं असतं. तिथे स्वयंपाकघर, बाथरूम आणि फ्लशच्या लाइनी डक्टमधून वेगवेगळ्या उतरतात, त्यामुळे एका फ्लॅटला तीन-चार ठिकाणी पाणी शिरतं. सगळ्यांवर व्हॉल्व्ह लावणं परवडत नसेल तर स्वयंपाकघराची लाइन आधी घ्या. बाथरूममध्ये फुटलं तर बरंचसं पाणी जाळीतून निघून जातं, स्वयंपाकघरातलं मात्र हॉलमध्ये येतं. सोसायटीच्या सामाईक टाकीवर परस्पर काही लावू नका. तुमच्या फ्लॅटच्या फाट्यानंतरचाच भाग तुमचा. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट सापडते: नळाचं थेट पाणी देणारी एक वेगळी लाइन स्वयंपाकघरात येते, पिण्याचं पाणी भरण्यासाठी. ती टाकीशी जोडलेलीच नसते, म्हणून तिला स्वतंत्र कॉक हवा. मीटरच्या आधीच्या भागाला हात लावायचा नाही, तो महापालिकेचा.

सोलर असेल तर तिकडं विशेष लक्ष द्या. गरम पाण्याची लाइन सोलरच्या टाकीतून स्वतंत्रपणे खाली येते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी गीझरजवळच्या मिक्सरमधली गळती सोलरची टाकी रिकामी होईपर्यंत चालू राहते. त्यामुळे गरम लाइनवर दुसरा व्हॉल्व्ह लागतो आणि तो गरम पाणी सोसणारा असावा, पितळी बॉडी आणि टेफ्लॉन सीटचा (सीट म्हणजे आतला बॉल जिच्यावर टेकून पाणी अडवतो ती कडी). दुसरीकडं, सोलरला थंड पाणी पुरवणारी पाइप मात्र कधीही आपोआप बंद होऊ देऊ नका. काचेच्या नळ्यांत पाणी उरलं नाही की त्या उन्हात प्रचंड तापतात आणि नंतर थंड पाणी शिरलं की तडकतात. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह सोलरचा फाटा निघून गेल्यावर पुढं बसवायचा, हे प्लंबरला समोर उभं राहून दाखवा.

आज गळती आहे का, ते तपासा

नवीन उपकरण बसवण्याआधी जुनी गळती शोधलेली बरी. रात्री सगळे झोपल्यावर मोटरचा स्विच बंद ठेवा, टाकीतली पाण्याची पातळी पट्टीनं मोजून लिहा आणि पहाटे कुणी नळ सोडायच्या आत परत मोजा. टाकीचा व्यास एक मीटर असेल तर एक सेंटिमीटर पातळी उतरली म्हणजे साधारण आठ लिटर पाणी गेलं. कुणी फ्लश वापरला असेल तर तो वजा करा. तरीही पातळी उतरत असेल तर पहिला संशय फ्लश टँकच्या वॉशरवर. टँकमध्ये थोडी हळद किंवा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय.

व्हॉल्व्ह निवडताना

बाजारात दोन जाती दिसतात, सोलेनॉइड आणि मोटरवरचा बॉल व्हॉल्व्ह. सोलेनॉइड स्वस्त असतो आणि झटक्यात बंद होतो, म्हणून बरेच जण तोच उचलतात. पण मोठ्या आकाराचे बहुतेक सोलेनॉइड पाण्याच्या दाबाच्याच मदतीनं उघडतात आणि त्यांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे टाकीचा तळ वरच्या मजल्याच्या शॉवरपासून दोन-तीन मीटर उंच असेल तर तिथे दाब भरतो ०.२ ते ०.३ बार. एवढ्यावर सोलेनॉइड अर्धवट उघडतो किंवा उघडतच नाही. शिवाय साध्या सोलेनॉइडला एका स्थितीत राहण्यासाठी सतत वीज लागते आणि तो तापतो. टाकीच्या लाइनवर तो लावू नका.

मोटरवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद व्हायला पाच ते पंधरा सेकंद घेतो, पण दाबावर अवलंबून राहत नाही आणि वीज गेली तरी आहे त्या जागी थांबतो. काही प्रकारांत वीज गेली की तो स्वतःहून बंद होतो. आपल्याकडं वीज जाणं नवीन नाही, त्यामुळे दर वेळी घराचं पाणी तुटलेलं कुणालाच चालणार नाही. मागवताना ‘वीज गेल्यावर आहे तसाच राहणारा’ असं स्पष्ट विचारून घ्या.

घेताना आणखी चार गोष्टी तपासायच्या. तो फुल बोअर हवा, म्हणजे आतलं भोक पाइपएवढं मोठं असायला हवं. एक इंची लाइनवर अर्धा इंची व्हॉल्व्ह बसवला तर वाट जवळपास एक तृतीयांश उरते आणि वरच्या मजल्यावर शॉवरची धार बारीक होते. बॉडी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. हातानं फिरवायची चावी किंवा नॉब हवाच, कारण मोटर बिघडली तर घरातल्या आजींनाही पाणी बंद करता आलं पाहिजे. आणि तो १२ व्होल्टवर चालणारा घ्या. गच्चीवर, पावसात, पाण्याच्या पाइपजवळ २३० व्होल्टची वायर नेऊ नये.

परदेशातून कुणी प्रेमानं यंत्र आणणार असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. अमेरिकेतल्या उपकरणांचे आटे एनपीटी पद्धतीचे असतात, आपले बीएसपी. ते एकमेकांत थोडे फिरतात, घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि मग गळतात. उद्यमनगरात लेथवर अडॅप्टर करून मिळेल, पण तिथली १२० व्होल्टची वीज आणि तिथली झेड-वेव्ह या वायरलेस पद्धतीची फ्रिक्वेन्सी आपल्याकडं चालत नाही. झिगबी ही दुसरी वायरलेस पद्धत आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय सगळीकडं सारखं असतं, ते चालतं.

पाइप कापायचीच नसेल तर एक सोपा प्रकार आहे. आधीपासून असलेल्या लिव्हरच्या बॉल व्हॉल्व्हवर बाहेरून क्लॅम्पनं बसणारी मोटर मिळते, ती लिव्हर पाव फेरा फिरवते. भाड्याच्या घरात हा उत्तम मार्ग. अट एकच: लिव्हर दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी ती जाम झाली असेल तर मोटर तिथे हार मानते. अशा वेळी आधी व्हॉल्व्ह बदला. चाकाच्या गेट व्हॉल्व्हवर ही मोटर बसत नाही.

बसवताना

हे काम प्लंबरकडून करून घ्या, पण स्वतः शेजारी थांबा. पाणी वाहण्याच्या क्रमानं आधी हाताचा बॉल व्हॉल्व्ह, मग वाय-स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी), मग मोटरचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ होतं, टाकीच्या तळाशी गाळ बसतो आणि तो गाळ बॉलच्या सीटमध्ये अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. स्ट्रेनर त्यासाठीच. युनियन नसेल तर दुरुस्तीच्या वेळी पाइप कापावी लागते. शेजारून एक बायपास काढून त्यावर साधा कॉक ठेवला तर दुरुस्ती चालू असतानाही घराला पाणी मिळतं. तो एरवी बंद आहे ना, हे मात्र बघत चला.

टाकीच्या आउटलेटजवळ वर उघडी राहणारी हवेची उभी पाइप असते. व्हॉल्व्ह टाकी आणि त्या पाइपच्या मध्ये येऊ द्या, म्हणजे परत उघडताना लाइनीत हवा अडकत नाही. मोटरचा डबा पाइपच्या वर किंवा बाजूला असावा. खाली लोंबता ठेवला तर सांध्यातला प्रत्येक थेंब मोटरमध्ये उतरतो. सीपीव्हीसीच्या लाइनीत आत पितळी आटे असलेलेच जोड वापरा, नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यावर पितळी व्हॉल्व्ह आवळला की तो आटा चिरतो. टेफ्लॉन टेप पुरेशी असते, प्लॅस्टिकवर धागा आणि सफेदा नको. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर डब्यावर लिहिलेली वेळ थांबल्याशिवाय पाणी सोडू नका. मिस्त्रींना पुढच्या कामाला जायची घाई असते, पण इथे ऐकायचं नाही.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह ऊन आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस सोसणारा, किमान आयपी ६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न शिरणारा) घ्या आणि तरीही त्यावर एक झाकण करा. जिन्याखाली किंवा डक्टमध्ये जागा असेल तर तीच बरी. पण व्हॉल्व्ह जितका खाली बसवाल, तितकी त्याच्या वरची पाइप संरक्षणाबाहेर राहते, हे लक्षात असू द्या.

प्रेशर पंप असलेल्या घरात व्हॉल्व्ह पंपाच्या पुढं लावायचा. पंपाच्या आधी लावला आणि तो बंद झाला तर पंप कोरडा फिरून जळतो.

सेन्सर कुठं ठेवायचे

सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिच्या खालच्या बाजूच्या दोन धातूच्या टोकांना पाण्यानं जोडलं की ती इशारा देते. जागा मात्र विचार करून निवडावी लागते, कारण आपल्या घरात पाणी रोजच जमिनीवर येतं. बाथरूमच्या फरशीवर ठेवलेला सेन्सर पहिल्याच आंघोळीला ओरडतो आणि चार दिवसांत घरातले त्याची बॅटरी काढून ठेवतात. हॉलच्या मोकळ्या फरशीवर ठेवला तर पोछा मारताना तेच.

कोरड्या राहायला हव्यात अशा बंदिस्त जागा शोधा. सिंकखालचं कपाट, वॉटर प्युरिफायरच्या खाली, वॉशिंग मशीनच्या मागं, माळ्यावर टाकी असेल तर तिच्याखाली. प्युरिफायरची बारीक पांढरी नळी आणि बेसिनखालची जाळीची कनेक्शन पाइप या दोन गोष्टींवर सर्वांत जास्त लक्ष हवं, कारण तिथे नळ बंद असतानाही पूर्ण दाब असतो. जाळीवर गंज किंवा पाइपला फुगवटा दिसला तर सेन्सरच्या भरवशावर न राहता पाइपच बदला. गीझर उंचावर असतो, त्यामुळे त्याच्याखालच्या भिंतीवरून ओघळ जिथे उतरतो तिथे दोरीसारखा लांब सेन्सर चिकटवता येतो. सगळ्यांवर मार्करनं जागेचं नाव लिहा आणि ॲपमध्येही तेच ठेवा. रात्री दोन वाजता ‘सेन्सर ३’ वाचून कुणाला काही कळत नाही.

पाइपमधून पाणी किती वाहतं ते मोजणारे फ्लो सेन्सरही मिळतात. स्वस्तातल्या चकतीच्या सेन्सरला मिनिटाला एक लिटरपेक्षा कमी प्रवाह नीट कळत नाही आणि कमी दाबाच्या लाइनीत त्याचाच अडथळा होतो. त्यापेक्षा टाकीची पातळी मोजणारा सेन्सर आपल्या रचनेला जास्त जुळतो. घरात कुणी नसताना पातळी उतरतेय म्हणजे कुठंतरी गळतंय. अल्ट्रासोनिक प्रकार घेतला तर तो भरलेल्या पाण्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर वर बसवा, त्याहून जवळचं त्याला दिसत नाही.

जोडणी आणि आज्ञा

इथे एक प्रश्न विकणाऱ्याला नक्की विचारा: इंटरनेट बंद असताना सेन्सर ओला झाला तर व्हॉल्व्ह बंद होतो का? काही वायफाय उपकरणांत सेन्सरचा निरोप आधी परदेशातल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून व्हॉल्व्हकडं परत येतो. नेट गेलं की सगळं ठप्प. झिगबीचा हब घरातल्या घरात निर्णय घेणारा असेल तर ही अडचण येत नाही. स्लॅबमधून गच्चीपर्यंत सिग्नल पोहोचत नसेल तर वरच्या मजल्यावर विजेवर चालणारा एखादा झिगबी प्लग लावा, तो निरोप पुढं पाठवतो. बॅटरीवरचे सेन्सर हे काम करत नाहीत. राउटर, हब आणि व्हॉल्व्हचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनीवर घ्या.

सेन्सर ओला झाल्यावर व्हॉल्व्ह बंद होईल, पाण्याची मोटर बंद होईल, सायरन वाजेल आणि फोनवर निरोप येईल, अशी आज्ञा लिहा. मोटर विसरू नका. टाकीच्या आउटलेटला व्हॉल्व्ह आहे, मग मोटर का तोडायची, असं वाटेल. पण फुटलेली पाइप मोटरपासून टाकीकडं चढणारी असेल तर फक्त मोटर बंद केल्यानंच पाणी थांबतं. मोटरला साधा स्मार्ट प्लग लावू नका, सुरू होताना ती खेचते तो करंट प्लगला झेपत नाही. इलेक्ट्रिशियनकडून काँटॅक्टर (मोठा करंट झेपणारा, विजेनं चालू-बंद होणारा स्विच) बसवून घ्या आणि स्मार्ट रिले त्याला जोडा. त्याच बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) आहे का, तेही त्याला बघायला सांगा.

घरी माणसं असताना आधी सायरन आणि दोन मिनिटांनी व्हॉल्व्ह, घर बंद असताना ताबडतोब व्हॉल्व्ह, अशी दोन प्रकारची आज्ञा देता आली तर उत्तम. सेन्सर सुकल्यावर व्हॉल्व्ह आपोआप उघडेल अशी आज्ञा कधीही देऊ नका. गळती डोळ्यांनी बघून, दुरुस्त करून, मगच माणसानं तो उघडायचा.

मुलं पुण्या-मुंबईला आणि आई-वडील इथे, अशी कितीतरी घरं आपल्याकडं आहेत. मुलाच्या फोनवर इशारा गेला, त्यानं तिथून व्हॉल्व्ह बंदही केला, तरी फरशीवर साचलेलं पाणी काढायला आणि मेन स्विच पाडायला इथेच कुणीतरी लागतं. शेजारच्या काकूंकडं किल्ली द्या, त्यांना व्हॉल्व्हची जागा दाखवा, ॲपमध्ये त्यांचाही नंबर घाला. आई-बाबांना ॲप नको असेल तर सेन्सर, व्हॉल्व्ह आणि सायरन वायरनं थेट जोडलेले, फोनची गरजच नसलेले संच मिळतात. म्हाताऱ्या माणसांसाठी मला तेच अधिक भरवशाचे वाटतात.

पुराच्या दिवसांसाठी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा पाणीपुरवठा थांबला. बाहेर सगळीकडं पाणी आणि घरात प्यायला टाकीत उरलेलं तेवढंच, अशी अवस्था अनेकांनी अनुभवली आहे. त्या काळात टाकीचा एक गळका सांधा म्हणजे घरातल्यांचं दोन दिवसांचं पाणी. पंचगंगेची पातळी वाढू लागली की टाकी भरून घ्या, व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि गरजेपुरताच उघडा. पाणी परत येतं तेव्हा आणखी एक धोका असतो. कोरडा नळ कुणीतरी उघडून बघितलेला असतो आणि तसाच राहतो. पुरवठा सुरू होण्याआधी घर सोडत असाल तर थेट लाइनीचा कॉक हातानं बंद करा.

पूररेषेजवळच्या भागात हब, अडॅप्टर आणि मोटरचा बोर्ड तळमजल्यावर खाली ठेवू नका. २०१९ चं पाणी तुमच्या भिंतीवर कुठपर्यंत चढलं होतं, त्याच्यावरची जागा निवडा. फरशीवरचे सेन्सर पुराच्या पाण्यानंही ओले होतात आणि व्हॉल्व्ह बंद होतो, त्यानं नुकसान काही नाही.

चाचणी आणि देखभाल

सगळं बसल्यावर प्रत्येक सेन्सरखाली ओलं फडकं ठेवून बघा. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सर्वांत खालचा नळ उघडा. लाइनीत उरलेलं पाणी थोडा वेळ येईल, कारण २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये दर मीटरला साधारण अर्धा लिटर साठतं. ते संपून धार पूर्ण थांबली पाहिजे. थेंब थेंब येतच राहिले तर सीटमध्ये गाळ आहे किंवा एखादी लाइन नकाशातून सुटली आहे. मग राउटरची पिन काढून तीच चाचणी करा. मग मेन स्विच पाडून.

महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर क्षार बसून तो एकाच जागी धरतो. अमावस्या लक्षात राहते, तोच दिवस ठरवला तरी चालेल. स्ट्रेनर पावसाळ्यात दर महिन्याला आणि एरवी तीन-चार महिन्यांनी धुवा. सेन्सरच्या टोकांवर कोळिष्टकं आणि साबणाचा थर बसतो, ती कोरड्या कापडानं पुसा. बॅटरी बदलल्याची तारीख सेन्सरच्या पाठीवरच लिहा, ॲपमधला बॅटरीचा आकडा नेहमी खरा नसतो. आणि सुट्टीला निघताना, हे सगळं बसवलेलं असलं तरी, लेव्हल कंट्रोलरचा स्विच बंद करून व्हॉल्व्ह हातानं मिटवूनच बाहेर पडा.